पानांचे इंग्रजी शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडांची इंग्रजी पुस्तकं, रोपवाटिकेतल्या पाट्या, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं आणि परदेशातल्या दुकानांतले पुडे वाचताना पानांबद्दलचे जे शब्द अडतात, त्यांवरचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. जवळपास प्रत्येक शब्दाबरोबर आपल्याकडचं एखादं झाड दिलं आहे. शक्य असेल तर ते पान हातात घेऊनच उत्तर वाचावं; नुसतं पाठांतर चार दिवसांत विसरतं.

‘लीफ’ आणि ‘फोलिएज’ यांत फरक काय?

‘लीफ’ म्हणजे एक सुटं पान. ‘फोलिएज’ म्हणजे झाडावरचा सगळा पाला, पर्णसंभार. तो मोजत नाहीत, म्हणून त्याचं अनेकवचन होत नाही. ‘डेन्स फोलिएज’ म्हणजे दाट पाला. रोपवाटिकेत ‘फोलिएज प्लांट’ म्हटलं, की ते झाड फुलांसाठी नव्हे, पानांच्या रंगासाठी आणि आकारासाठी लावायचं असतं: क्रोटन, कोलियस, मनीप्लांट ही त्यातली नेहमीची. याच शब्दाचं विशेषण ‘फोलिअर’. खताच्या पुड्यावर ‘फोलिअर ॲप्लिकेशन’ लिहिलं असेल तर ते खत मुळाशी द्यायचं नसून पाण्यात विरघळवून पानांवर फवारायचं आहे. स्पेलिंगमध्ये ‘एल’ आधी येतो आणि ‘आय’ नंतर. उलट लिहिल्यामुळे पुष्कळ जण ‘फॉइलेज’ म्हणतात, तो उच्चार चुकीचा.

‘लीफ’चं अनेकवचन काय? आणि रजेचा ‘लीव्ह’ वेगळा का?

अनेकवचन ‘लीव्ह्ज’. रजेचा ‘लीव्ह’ हा वेगळ्याच मुळाचा शब्द आहे, पानाशी त्याचा संबंध नाही. टोरंटोच्या आइस हॉकी संघाचं नाव मात्र ‘मेपल लीफ्स’ असंच आहे; ते विशेषनाम म्हणून चालतं, एरवी ‘लीफ्स’ लिहू नये. पुस्तकातल्या ‘लीफ’ला दोन बाजू असतात, म्हणजे एका ‘लीफ’ची दोन ‘पेजेस’. जुनी पोथी किंवा हस्तलिखित मोजताना हा फरक लक्षात ठेवला नाही, तर पृष्ठसंख्या थेट निम्मी किंवा दुप्पट होते.

पानाच्या भागांना इंग्रजीत काय म्हणतात?

पसरट हिरवा भाग ‘ब्लेड’ किंवा ‘लॅमिना’, देठ ‘पेटिओल’, मधली जाड शीर ‘मिडरिब’, बाकीच्या शिरा ‘व्हेन्स’. टोक ‘एपेक्स’, देठाकडचं बूड ‘बेस’, कडा ‘मार्जिन’. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथल्या वरच्या बेचक्याला ‘ॲक्सिल’ म्हणतात आणि त्या बेचक्यातल्या डोळ्याला ‘ॲक्सिलरी बड’. देठाच्या बुडाशी काही झाडांना लहानशी जोडपानं असतात, ती ‘स्टिप्यूल्स’, म्हणजे उपपर्णं. देठच नसेल आणि पान थेट फांदीला चिकटलं असेल तर ते ‘सेसाइल’. रुईचं पान जवळजवळ तसंच असतं.

द्राक्षबागायतदारांना यातला ‘पेटिओल’ नेहमी भेटतो, कारण प्रयोगशाळेत पान नव्हे, देठ तपासायला पाठवतात. एप्रिल छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी काडीच्या बुडापासून पाचव्या पानाचा देठ घेतात. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना घडासमोरच्या पानाचा. पान तोडल्याबरोबर पातं काढून टाकायचं आणि फक्त देठ ठेवायचा. पात्यासकट पिशवीत भरून ठेवलं तर देठातली अन्नद्रव्यं सरकतात आणि अहवाल दिशाभूल करतो.

‘सिंपल’ आणि ‘कंपाउंड’ पान कसं ओळखायचं?

झाड ओळखताना सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. कडुनिंबाच्या काडीवर दहा-पंधरा पानं दिसतात, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती सगळी मिळून एक पान. ते ‘कंपाउंड लीफ’, संयुक्त पान. त्यातली प्रत्येक सुटी पाती म्हणजे ‘लीफलेट’, पर्णिका. त्या ज्या मधल्या काडीवर असतात ती ‘रेकिस’.

ओळखायची रीत डोळ्याची आहे, म्हणजे झाडाच्या डोळ्याची:

१. ज्याला पान समजतो आहोत त्याच्या देठाच्या बुडाशी, वरच्या बेचक्यात पाहा. तिथे डोळा, कळी किंवा नवी फूट असेल तर ते पूर्ण पान.
२. डोळा नसेल तर काडीवरून मागे मागे या. जिथे डोळा सापडेल तिथून पुढचं सगळं मिळून एक पान.
३. काडीचं टोक पाहा. फांदीच्या टोकाला वाढणारा कोंब असतो. रेकिसच्या टोकाला एकतर शेवटची पर्णिका असते किंवा काहीच नसतं.
४. खाली पडलेला पाचोळा पाहा. संयुक्त पान बहुतेकदा काडीसकट गळतं.

चौथ्या खुणेवर एकटीवर विसंबू नये, आणि याचं उत्तम उदाहरण म्हणजे आवळा. आवळ्याची डहाळी चिंचेच्या पानासारखी पिसासारखी दिसते आणि ती अख्खी गळतेही. पण फुलांच्या दिवसांत ती जवळून पाहिली तर बारीक बारीक पानांच्या बेचक्यांतच हिरवट फुलं बसलेली असतात. पर्णिकेच्या बेचक्यात फूल येत नाही. म्हणजे आवळ्याचं प्रत्येक बारीक पान हे ‘सिंपल लीफ’ आणि ती काडी म्हणजे गळून पडणारी डहाळी.

‘पिनेट’, ‘बायपिनेट’, ‘पामेट’ म्हणजे काय?

संयुक्त पानातल्या पर्णिकांची मांडणी. मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना पर्णिका असतील तर ‘पिनेट’. टोकाला एकटी पर्णिका असेल तर ‘इंपॅरिपिनेट’: करंज, कढीपत्ता. टोकाला एकटी पर्णिका नसून जोडीवर पान संपत असेल तर ‘पॅरिपिनेट’: चिंच. काडीला पुन्हा काड्या फुटून त्यांवर पर्णिका असतील तर ‘बायपिनेट’: गुलमोहर, बाभूळ. शेवग्याचं पान सहसा तीनदा विभागलेलं, ‘ट्रायपिनेट’ असतं.

कडुनिंब आणि बकाणा निंब यांतला गोंधळ याच एका खुणेने मिटतो. कडुनिंब एकदाच पिनेट, बकाणा बायपिनेट. शिवाय कडुनिंबाची पर्णिका बुडाशी तिरकी असते, मध्यशिरेच्या एका बाजूला जास्त पातं आणि दुसरीकडे कमी; त्याला ‘ऑब्लिक बेस’ म्हणतात.

सगळ्या पर्णिका एकाच बिंदूतून निघाल्या तर ‘पामेट’: काटेसावर, निर्गुडी. तीनच पर्णिका असतील तर ‘ट्रायफोलिएट’: बेल, पळस, पांगारा. पळसाला पाने तीनच, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. वनस्पतिशास्त्रात ती तीन पानं म्हणजे एका पानाच्या तीन पर्णिका, आणि पत्रावळीला लावतात त्याही पर्णिकाच.

सप्तपर्णीला सात पर्णिका असतात ना?

नाही. सप्तपर्णीचं प्रत्येक पान स्वतंत्र, सिंपल आहे. फांदीवर एकाच पेऱ्याभोवती चारपासून सात-आठपर्यंत पानं गोल मांडलेली असतात, त्याला ‘व्हर्ल’ म्हणतात. काटेसावरीच्या पानाशी तुलना केली की लगेच कळतं: सावरीच्या पाच-सात पर्णिकांना मिळून एक लांब देठ असतो आणि तो ओढला की सगळ्या एकदम हातात येतात. सप्तपर्णीचं एकच पान तुटतं आणि तुटल्या जागी पांढरा चीक येतो.

फांदीवर पानं कशी मांडली आहेत, यासाठी कोणते शब्द आहेत?

एका पेऱ्यावर एकच पान असेल तर ‘ऑल्टरनेट’: आंबा, सीताफळ, पिंपळ. समोरासमोर दोन असतील तर ‘ऑपोझिट’: पेरू, जांभूळ, साग, पारिजातक. समोरासमोरची एक जोडी पूर्व-पश्चिम आणि पुढची दक्षिण-उत्तर अशी काटकोनात असेल तर ‘डेक्युसेट’. तुळशीची काडी वरून पाहा. तीन किंवा जास्त असतील तर ‘व्हर्ल्ड’: कण्हेरीला सहसा तीन.

ही खूण पानाच्या आकाराहूनही भरवशाची आहे. एकाच झाडावर पानं लहान-मोठी, रुंद-अरुंद होतात, पण समोरासमोर पानं असणारं झाड अचानक एकाआड एक पानं देत नाही. निरीक्षण मात्र फांदीच्या निरोगी मधल्या भागावर करावं. टोकाला पेरी इतकी जवळ असतात की एकाआड एक पानंही झुपक्यासारखी दिसतात.

आकारांची नावं फार आहेत. कोणती आधी शिकावी?

सुरुवातीला एकच गोष्ट पाहा: पान सगळ्यात रुंद कुठे आहे?

देठाकडे रुंद असेल तर ‘ओव्हेट’. मध्यावर रुंद असेल तर ‘एलिप्टिक’. टोकाकडे रुंद असेल तर ‘ओबोव्हेट’; रस्त्याकडेचा देशी बदाम याचं ठळक उदाहरण. शब्दाच्या सुरुवातीला ‘ऑब’ आलं की आकार उलटा धरायचा, एवढं लक्षात ठेवलं की अर्धी यादी आपोआप येते. लांबी रुंदीच्या तीनपट किंवा जास्त असेल तर ‘लान्सिओलेट’, भाल्याच्या पात्यासारखं: आंबा, निलगिरी. कडा समांतर आणि पान अगदी अरुंद असेल तर ‘लिनिअर’: बहुतेक गवतं.

मग राहतात काही खास आकार. नागवेल आणि गुळवेल ‘कॉर्डेट’, हृदयाकृती. कारिवण्याचं, म्हणजे आपल्याकडे ब्राह्मी म्हणून विकतात त्या वेलीचं पान ‘रेनिफॉर्म’, मूत्रपिंडाच्या आकाराचं. देठ कडेला न लागता पात्याच्या आत, पाठीवर लागला असेल तर ‘पेल्टेट’. अळूचं पान उलटं करा, देठ कडेपासून आत चिकटलेला दिसेल. कमळही पेल्टेट आहे: अखंड गोल, कुठेही खाच नाही आणि बरीच पानं पाण्याच्या वर उचललेली. कुमुदिनीच्या पानाला देठापर्यंत खाच असते आणि ते पाण्यावर तरंगतं. ‘लोटस’ आणि ‘वॉटर लिली’ यांची सरमिसळ छायाचित्रांच्या मथळ्यांत फार होते. पान पाहिलं तर होणार नाही.

आपटा आणि कांचन यांची पानं इंग्रजी वर्णनावरून वेगळी करता येतात का?

येतात, आणि दसऱ्याच्या आधी हे पाहून घ्यावंच, कारण आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. दोन्ही ‘बायलोब्ड’, म्हणजे दोन पाळ्यांची पानं. दोन्ही बौहिनिया कुळगटातली; हे नाव बौहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून ठेवलेलं आहे. आपट्याचं पान लहान, लांबीला बहुधा दोन ते पाच सेंटिमीटर, लांबीपेक्षा रुंदी जास्त, जाडसर, पाठ करडी आणि लवदार. कांचनाचं पान मोठं, पातळ, हिरवंगार, सहज दहा सेंटिमीटरच्या आसपास. वर्णनात ‘ब्रॉडर दॅन लाँग’ आणि ‘प्युबेसेंट बिनीथ’ असेल तर ते आपट्याकडे बोट दाखवतं. कुठल्याही झाडाच्या फांद्या ओरबाडून आणू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

कडांचे आणि टोकांचे शब्द?

कडा सरळ असेल तर ‘एंटायर’. करवतीसारखे पुढे झुकलेले दाते असतील तर ‘सेरेट’: कडुनिंब, जास्वंद. गोलसर दाते असतील तर ‘क्रीनेट’: पानफुटी, जिच्या याच खाचांतून नवी रोपं फुटतात. कडा लाटांसारखी वरखाली होत असेल तर ‘अंड्युलेट’: बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच सरळ अशोक. हा खरा अशोक नव्हे. सीतेचा अशोक वेगळा, त्याचं पान पॅरिपिनेट, चार-सहा जोड्यांचं आणि नवी पालवी तांबूस, लोंबती.

टोक हळूहळू निमुळतं होत गेलं तर ‘ॲक्युमिनेट’. शेपटीइतकं लांब झालं तर ‘कॉडेट’, पिंपळासारखं. गोल असेल तर ‘ऑब्ट्यूज’, खाच असेल तर ‘इमार्जिनेट’.

‘ग्लॅब्रस’ आणि ‘ग्लॉकस’ एकच का?

नाही. ‘ग्लॅब्रस’ म्हणजे अजिबात लव नसलेलं. ‘ग्लॉकस’ म्हणजे निळसर-पांढुरका मेणाचा थर असलेला, बोटाने पुसला की निघणारा. रुईच्या पानावर तो दिसतो. पान एकाच वेळी दोन्ही असू शकतं. लव असेल तर ‘प्युबेसेंट’, ती दाट लोकरीसारखी असेल तर ‘टोमेंटोज’: बोराच्या पानाची पांढरट पाठ. खरखरीत असेल तर ‘स्केब्रस’: पारिजातकाच्या पानावरून बोट फिरवून पाहा. चिवट चामड्यासारखं असेल तर ‘कोरिएशस’: महाबळेश्वरच्या रानातली अंजनी. पान उजेडासमोर धरल्यावर बारीक पारदर्शक ठिपके दिसले तर ते तेलाचे बिंदू, ‘ग्लँड डॉट्स’. लिंबू, बेल, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं असल्यामुळे तिघांतही दिसतात.

‘स्टिप्यूल’ दिसत नाही. कुठे शोधायचं?

कोवळ्या शेंड्याकडे. वड, पिंपळ, फणस यांच्या टोकाला जी टोकदार टोपी दिसते ती उपपर्णांची. नवं पान उलगडलं की ती गळते आणि फांदीभोवती अंगठीसारखा वण राहतो. कदंबाच्या कुळात उपपर्णं समोरासमोरच्या दोन देठांच्या मध्ये असतात. बाभळीचे आणि बोराचे काटे हीसुद्धा रूपांतरित उपपर्णंच. बोरात जोडीतला एक काटा बहुधा सरळ आणि दुसरा आकडेदार असतो.

सगळ्याच पानांना ‘लीफ’ म्हणतात का?

गवताच्या पानाला ‘ब्लेड’, नारळाच्या झावळीला आणि नेच्याच्या पानाला ‘फ्रॉन्ड’, चीड-देवदाराच्या सुईसारख्या पानाला ‘नीडल’, पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदिनीच्या पानाला ‘पॅड’. पानांसकट लहान डहाळी म्हणजे ‘स्प्रिग’. पाककृतीत ‘अ स्प्रिग ऑफ करी लीव्ह्ज’ म्हणजे कढीपत्त्याची एक काडी, एक पर्णिका नव्हे.

किनाऱ्यावरच्या सुरूच्या ‘सुया’ ही पानं नाहीत. त्या हिरव्या डहाळ्या आहेत. एक तोडून सांध्यावर ओढा, पेरं सुटतं आणि सांध्याभोवती बारीक दात दिसतात. ते दात म्हणजे सुरूची पानं. ऑस्ट्रेलियन बाभळीचं विळ्यासारखं पान म्हणजे चपटा झालेला देठ, ‘फिलोड’. बियांपासून नुकत्याच उगवलेल्या रोपाला खरी बायपिनेट पानं येतात, तेव्हा हे स्पष्ट दिसतं. शतावरीच्या हिरव्या सुया ‘क्लॅडोड’, म्हणजे खोडाचाच भाग. बोगनवेलीचे रंगीत ‘पाकळे’ म्हणजे ‘ब्रॅक्ट’, रंगीत पानं. खरी फुलं आतल्या लहान नळ्या. केळीचं खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या बुडांची ‘शीथ’, म्हणून त्याला ‘स्यूडोस्टेम’ म्हणतात.

‘डेसिड्युअस’, ‘एव्हरग्रीन’ आणि ‘फॉल’ आपल्याकडे कसे लागू पडतात?

‘डेसिड्युअस’ म्हणजे पानझडी. दुधाच्या दातांनाही इंग्रजीत हेच विशेषण लावतात. ‘एव्हरग्रीन’ म्हणजे पान कधी न गळणारं झाड नव्हे, तर एकाच वेळी सगळं झाड उघडं न पडणारं.

‘फॉल’ हा अमेरिकी शब्द शरद ऋतूसाठी, ब्रिटनमध्ये ‘ऑटम’. तिकडे दिवस लहान होतात, थंडी येते आणि पानं सप्टेंबर ते नोव्हेंबरात रंग बदलून गळतात. हरितद्रव्य मोडतं, आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि लाल रंग मात्र त्या वेळी नव्याने तयार होतो. आपल्याकडची पानगळ थंडीमुळे नव्हे, पाण्याच्या ओढीमुळे होते. मेळघाट, ताडोबाच्या सागवानात ती हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालते. त्या जंगलांना ‘ड्राय डेसिड्युअस’ म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी सदाहरित पट्टे आहेत. इथल्या मार्च-एप्रिलच्या पानगळीला ‘फॉल’ म्हटलं तर वाचणारा ऑक्टोबर समजेल, म्हणून ‘लीफ शेडिंग’ लिहावं.

आपल्याकडे लाल रंग गळत्या पानांपेक्षा नव्या पालवीत जास्त दिसतो. पालवीच्या या लाटेला ‘फ्लश’ म्हणतात. कुसुंबाचा लालभडक फ्लश मार्चच्या सुमारास पाहावा. चहाच्या पुड्यावरचा ‘फर्स्ट फ्लश’ म्हणजे वर्षातली पहिली पालवी, आणि ‘ऑरेंज पिको’ ही अख्ख्या पानाची प्रत आहे, त्यात संत्र्याची चव नसते.

औषधाच्या लेबलवर रोगाचं इंग्रजी नाव असतं. आपल्या नावाशी ते कसं जुळवायचं?

इथे चूक झाली तर फवारणीचा पैसा वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

‘पावडरी मिल्ड्यू’ म्हणजे भुरी. पानावर पांढरी पूड, बोटाला लागते. गंधक चालतं, पण कडक उन्हात मारलं तर पान भाजतं आणि काकडीवर्गीय वेलींना ते सोसत नाही. ‘डाऊनी मिल्ड्यू’ म्हणजे द्राक्षातला केवडा. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि त्याच जागी खाली पांढरी वाढ. नावात दोन्हीकडे ‘मिल्ड्यू’ असलं तरी जंतू वेगळ्या गटांतले आहेत. भुरीचं गंधक केवड्यावर उपयोगी पडत नाही.

आता खरी अडचण: भेंडीवरही ‘केवडा’च म्हणतात, पण तो ‘यलो व्हेन मोझॅक’. शिरा पिवळ्या पडतात आणि मधला भाग हिरवा राहतो. हा विषाणू आहे, पांढरी माशी तो पसरवते, आणि कुठलंही बुरशीनाशक त्यावर चालत नाही. रोगट झाडं लवकर उपटून टाकायची, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा आणि पुढच्या वेळी प्रतिकारक वाण घ्यायचं. दुकानात नुसतं ‘केवडा’ सांगू नका, पीकही सांगा.

‘रस्ट’ म्हणजे तांबेरा. ‘ब्लाइट’, ‘लीफ स्पॉट’ आणि ‘अँथ्रॅक्नोज’ या तिघांनाही आपण करपा म्हणतो, त्यामुळे लेबलवर पिकाचं आणि रोगाचं नाव जोडीने वाचावं. ‘विल्ट’ म्हणजे मर. ‘लीफ कर्ल’ म्हणजे मिरचीवरचा चुरडा-मुरडा, बोकड्या. त्यात पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर आधी फुलकिडे शोधा. कडा खाली वळल्या असतील आणि देठ लांबला असेल तर कोळी. कोळ्यावर नेहमीचं कीटकनाशक पुरत नाही, कोळीनाशक लागतं.

‘लीफ मायनर’ म्हणजे नागअळी, पानात नागमोडी पांढरी रेघ. सागावर ‘डिफोलिएटर’ आणि ‘स्केलेटनायझर’ अशा दोन अळ्या येतात: पहिली मुख्य शिरा सोडून सगळं खाते, दुसरी शिरांची जाळी तशीच ठेवते.

‘क्लोरोसिस’ म्हणजे पान पिवळं पडणं. पण कारण कसं कळणार?

आधी कुठलं पान पिवळं पडलं ते पाहा. खालची जुनी पानं सारखी पिवळी होत असतील तर नत्राची कमतरता. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. हे ‘इंटरव्हेनल क्लोरोसिस’. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश. कडा करपून मेल्या की तो ‘नेक्रोसिस’. ही तिन्ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून लक्षण खाली दिसतं. लोह असं हलत नाही. शेंड्याची कोवळी पानं पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग, ऊस, संत्रा यांत हे नेहमी होतं. जमिनीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारतात. द्रावण ताजं वापरावं. ठेवलं की तांबूस होतं आणि लोह खाली बसतं.

‘बे लीफ’ म्हणजे तमालपत्र का?

परदेशातल्या दुकानांत ‘बे लीफ’ बहुधा भूमध्य प्रदेशातल्या लॉरेलचं पान असतं. त्याला एकच मध्यशीर आणि तिला फुटलेल्या बाजूच्या शिरा. आपलं तमालपत्र दालचिनीच्या गोतातलं, त्याला बुडाजवळून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा जातात आणि वास दालचिनी-लवंगेकडे झुकतो. पुड्यावर ‘इंडियन बे लीफ’ लिहिलेलं घ्या आणि शिरा मोजा.

‘करी लीफ’ म्हणजे कढीपत्ता. ‘करी प्लांट’ या नावाने नर्सरीत मिळणारं रुपेरी झुडूप वेगळंच आहे, फोडणीला उपयोगाचं नाही. अमेरिकेत कोथिंबीर म्हणजे ‘सिलांट्रो’ आणि ‘कोरिअँडर’ म्हणजे धणे. ब्रिटनमध्ये दोन्हीला ‘कोरिअँडर’. शेपू ‘डिल’, मायाळू ‘मलबार स्पिनच’, विड्याचं पान ‘बीटल लीफ’. ‘बीटल नट’ मात्र त्या वेलीचं नाही, ती सुपारी.

‘लीफ लिटर’, ‘मल्च’ आणि ‘लीफ मोल्ड’ यांत फरक काय?

जमिनीवर पडलेला पाचोळा ‘लीफ लिटर’. तोच आळ्यात आच्छादन म्हणून पसरला की ‘मल्च’. थर दोन-तीन इंच पुरे आणि खोडाला चिकटू देऊ नये, नाहीतर खोड कुजतं. कुजून काळी, भुसभुशीत माती झाली की ‘लीफ मोल्ड’. ब्रिटिश लिखाणात स्पेलिंगमध्ये ‘यू’ जास्त असतो, अर्थ तोच.

करायची रीत: साधारण एक मीटर व्यासाचं जाळीचं कडं सावलीत उभं करा. पाचोळा भरताना दर थराला पाणी मारा. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी, पाणी गळू नये. आंबा, फणस, वड यांची चिवट पानं आधी चुरडा. ढीग गरम होत नाही म्हणून बिघडला समजू नका, हे काम मुख्यतः बुरशीचं आहे आणि ते गार ढिगातच चालतं. सहा महिने ते वर्ष लागतं. ढीग जसाच्या तसा राहिला तर बहुतेक वेळा तो उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. उलथून पुन्हा भिजवा.

शास्त्रीय नावांतल्या ‘फोलिया’ आणि ‘फिलम’चा काय अर्थ?

दोन्ही पानच: पहिला लॅटिन, दुसरा ग्रीक. शिसवीचं ‘लॅटिफोलिया’ म्हणजे रुंद पानांची, मोहाचं ‘लाँगिफोलिया’ म्हणजे लांब पानांचा, वावळ्याचं ‘इंटेग्रिफोलिया’ म्हणजे अखंड कडेच्या पानांचा. उंडीचं ‘कॅलोफिलम’ म्हणजे सुंदर पानांची. फणसाचं ‘हेटेरोफिलस’ म्हणजे वेगवेगळ्या पानांचा, कारण रोपट्याची पानं खाचदार आणि मोठ्या झाडाची अखंड. शेवग्याच्या ‘ओलिफेरा’त मात्र पान नाही, तो तेल देणारा.

अनोळखी झाडाबद्दल विचारायचं असेल तर कोणती छायाचित्रं आणि माहिती द्यावी?

एकट्या सुट्या पानाच्या छायाचित्रावरून जाणकारही अडतो. हे द्या: मांडणी दिसेल अशी वीतभर डहाळी, पानाची वरची बाजू आणि पाठ, शेजारी मोजपट्टी, देठाच्या बुडाचा जवळून फोटो, डोळा आणि उपपर्ण दिसेल असा, कडेचा आणि टोकाचा फोटो, पूर्ण झाड आणि साल. सोबत ठिकाण, महिना, पान चुरडल्यावर येणारा वास आणि तोडल्यावर चीक येतो का, तेही लिहा. चीक पाहताना शेर आणि रुई यांच्याबाबत जपा, तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. झाड माहीत नसेल तर पान चाखू नका, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.